रक्ताची वाट मोकळी राहावी म्हणून

(नभोवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित मजकूर)



साकोलीला आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी असते. एक खरोखरच्या आजारी माणसांची, आणि दुसरी ‘बाजाराला आलोच आहोत तर डॉक्टरांना भेटून जाऊ’ म्हणणाऱ्यांची. या दुसऱ्या गर्दीच्या पिशव्यांतून मेथी-पालकाच्या जुड्या डोकावत असतात, आणि त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो, “डॉक्टरसाहेब, रक्त पातळ करणारं काही खायचं सांगा ना जी!” अलीकडे या प्रश्नाला मोबाइलची जोड मिळाली आहे. कुणीतरी पाठवलेला संदेश माझ्यासमोर धरला जातो. ‘हे सात पदार्थ खा आणि सगळ्या नसा साफ करा.’

आज मी याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. आपल्या रोजच्या खाण्यातल्या कोणत्या गोष्टी रक्ताभिसरणाला मदत करतात, किती मदत करतात आणि कुठे ती मदत संपते. यातलं शेवटचं सांगणं सर्वांत महत्त्वाचं आहे. ते मी एका रुग्णाच्या बाबतीत नीट सांगितलं नाही, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. म्हणून आधी त्यांचीच गोष्ट सांगतो.

नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावातले हे गृहस्थ. वय साठीच्या पुढे, धानाची शेती, अंगकाठी सडसडीत. तक्रार एकच. शेताच्या धुऱ्यापर्यंत चाललं की पोटऱ्यांत गोळे येतात, दोन मिनिटं उभं राहिलं की थांबतात, पुन्हा चाललं की पुन्हा येतात. कारणही त्यांनी स्वतःच शोधून आणलं होतं. “लहानपणी लाखोळीची दाळ गंज खाल्ली जी, तिचंच असन.”

आपल्या भागात पायाचं काही झालं की जुन्या माणसांना लाखोळी आठवते, आणि त्याला कारण आहे. दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीवरच जगावं लागलं की त्या डाळीतल्या एका विषारी घटकामुळे पाय कायमचे लुळे पडतात, हे वैद्यकाला माहीत आहे. पण तो आजार मज्जातंतूंचा. त्यात पाय ताठतात आणि ताठरच राहतात. चालल्यावर दुखणं आणि थांबल्यावर बरं वाटणं ही खूण वेगळी आहे. ती सांगते, की पोटरीच्या स्नायूला चालताना जेवढं रक्त लागतं तेवढं पोचत नाही. मी त्यांच्या पावलावरची नाडी चाचपली. डाव्या पायाची लागत होती, उजव्या पायाची जवळजवळ लागतच नव्हती. रक्तदाब 170 च्या वर. खिशात विडीचं बंडल. चाळीस वर्षांची सोबत.

आता हे रक्ताभिसरण म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात पाहू. तलावांच्या जिल्ह्यातल्या माणसाला ते समजावून सांगणं सोपं आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले तलाव आपण पाहतो. पुढे ते माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत मामा तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. तलावातून पाट निघतो, पाटातून दांड, दांडातून एकेका बांधीत पाणी जातं. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचायला तीन गोष्टी लागतात. पाण्याला योग्य दाब हवा, पाटात गाळ नको आणि पाटाची भिंत धड हवी.

शरीराचंही तसंच आहे. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि विश्रांतीच्या वेळीही दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. पायाची बोटं, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि मेंदूचे कोपरे या झाल्या शेवटच्या बांध्या. दाब बिघडला, गाळ साचला किंवा भिंत खराब झाली, की पहिली ओरड तिथूनच येते.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘रक्त घट्ट झालं, पातळ करा’ असं आपण म्हणतो. पण बहुतेकांच्या बाबतीत रक्त घट्ट झालेलं नसतं. रक्तवाहिनीची आतली भिंत खडबडीत होते, तिच्यात चरबी साठते, ती अरुंद आणि ताठर होते. अशा जागी कधीतरी गुठळी धरते. डॉक्टर ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणून जी देतात, ती ही गुठळी धरू नये म्हणून असते. त्या गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही, आणि कोणत्याही भाजीने साचलेली चरबी साबणासारखी धुऊन निघत नाही. खाण्याने काय होतं? भिंतीची निगा राहते, नवा गाळ कमी साचतो आणि दाब थोडा उतरतो. हे काम हळूहळू, वर्षानुवर्षं चालतं. तेही काही कमी नाही.

सुरुवात पालेभाज्यांपासून करू. रक्तवाहिनीच्या आतून एक अतिशय नाजूक अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करतं. त्या वायूच्या इशाऱ्याने वाहिनीचा स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि रक्त सहज पुढे जातं. या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरिद मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 1998 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे असं लक्षात आलं, की हा वायू तयार करायला शरीराला भाज्यांतूनही कच्चा माल मिळतो. पालक, माठ, मुळ्याचा पाला, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि बीट यांत नायट्रेट भरपूर असतं.

यातली गंमत पुढेच आहे. हे नायट्रेट पोटातून रक्तात जातं, रक्तातून लाळेत येतं, आणि जिभेवरचे जिवाणू त्याचं रूप बदलतात. ती लाळ गिळली, की मगच त्याचा उपयोग होतो. लंडनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस दिला, तेव्हा काही तासांत त्यांचा रक्तदाब उतरला. पण ज्या वेळी त्यांना लाळ गिळू न देता थुंकायला लावलं, त्या वेळी तो उतरला नाही. म्हणजे लाळ गिळण्यासाठी असते, थुंकण्यासाठी नसते. अर्थात, खर्र्याची थुंकी गिळा असं मी मुळीच म्हणत नाही! खर्र्याकडे मी नंतर वळणारच आहे.

याचा अर्थ रोज अर्धा लिटर बीटाचा रस प्या असाही नाही. प्रयोगशाळेतलं प्रमाण वेगळं आणि घरातलं ताट वेगळं. रोज एक वाटी पालेभाजी ताटात असावी, एवढं पुष्कळ झालं. पावसाळ्यात तरोटा आहे, अंबाडी आहे, हिवाळ्यात मेथी, पालक, चवळाई आहे, परसात मुंगण्याचं झाड असेल तर त्याचा पाला आहे. एक काळजी घ्यावी. भाजी उकळून, पिळून, पाणी फेकून देण्याची सवय सोडावी. त्या पाण्याबरोबर बराचसा गुण निघून जातो. ते पाणी डाळीत घाला.

दुसरा मान जवसाचा. आपल्या भागात धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत जवस, लाखोळी फेकून पेरतात. त्याला आपण उतेरा म्हणतो. ना नांगरट, ना वेगळं पाणी. धानाच्या ओलीवर पीक येतं. माझ्या लहानपणी घरात जवसाचं तेल असायचं आणि जवसाची चटणी तर बाराही महिने. पुढे डब्यातलं तेल आलं, चटणी मागे पडली. आता तेच जवस शहरातल्या दुकानात सुंदर पाकिटातून, चांगल्याच भावाने मिळतं!

जवसाच्या तेलात जवळपास निम्मा वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. ओमेगा-3 गटातलं हे आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. जवसाचा एक अभ्यास तर थेट माझ्या त्या रुग्णासारख्या माणसांवर झालेला आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरात, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या शंभराहून थोड्या जास्त रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस पावातून वगैरे दिलं, दुसऱ्या गटाला जवस नसलेले तसेच पदार्थ दिले. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे 10 अंकांनी कमी होता. नंतर जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केला गेला, तेव्हा सरासरी घट याहून बरीच लहान, दोन-तीन अंकांची निघाली. म्हणजे जवस उपयोगी आहे, पण चमत्कार नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, की विनिपेगच्या त्या रुग्णांपैकी बहुतेकांची औषधं चालूच होती. जवस औषधांच्या जोडीला होतं.

जवस खाण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. अख्खं जवस गिळलं तर ते तसंच बाहेर पडतं. ते मंद भाजून, कुटून खावं. लाल मिरची, लसूण, थोडं मीठ घालून केलेली चटणी भाकरीबरोबर रोज एक-दोन चमचे पुरे. कूट एकदम महिन्याचं करून ठेवू नये, खवट होतं. आठवड्यापुरतं करावं आणि झाकण घट्ट लावावं. त्यासोबत पाणी भरपूर प्यावं, नाहीतर पोट जड होतं. जवसाचं तेल मिळालं तर ते वरून घ्यावं, तळणासाठी वापरू नये. ते उष्णतेने लवकर खराब होतं.

लसणाची कीर्ती सर्वांत मोठी. लसणाला तो उग्र वास देणारं अॅलिसिन हे द्रव्य 1944 साली अमेरिकेत वेगळं काढलं गेलं. अख्ख्या पाकळीत ते नसतं. पाकळी ठेचली, की तिच्यातले दोन घटक एकमेकांना भेटतात आणि ते तयार होतं. म्हणून लसूण ठेचावा, आठ-दहा मिनिटं तसाच ठेवावा, मग वापरावा. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांना लसणाने थोडा उतार पडतो आणि गुठळी धरण्याची क्रिया किंचित मंदावते, असं अभ्यास सांगतात. ‘थोडा’ आणि ‘किंचित’ हे दोन शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ज्यांची गुठळीविरोधी औषधं चालू आहेत किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी लसणाचा मोठा डोस वा लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फोडणीतल्या चार पाकळ्यांना कुणाची हरकत नाही.

मग आपल्या तलावांचा मेवा. रोहू, कतला, मरळ, झिंगे. समुद्रातल्या तेलकट माशांइतकं ओमेगा-3 यांत नसलं, तरी मटणाच्या तेल तरंगणाऱ्या तर्रीपेक्षा हलक्या रश्श्यातला मासा हृदयाला केव्हाही बरा. मात्र कढईभर तेलात तळला, की त्याचा फायदा तिथेच संपला. ढिवर बांधव तलावातून काढतात तो शिंगाडाही चांगला. त्यात पोटॅशियम असतं आणि ते मिठाचा दुष्परिणाम कमी करायला मदत करतं. मधुमेह्यांनी मात्र शिंगाडा खाल्ला त्या दिवशी भात तेवढा कमी करावा. तो भाजी नव्हे, पिठूळ फळ आहे. बरबटीची उसळ, तूर, चणा, मूठभर फल्लीदाणे, पेरू, आवळा ही मंडळीही याच बाजूची.

आता ताटात काय घालायचं हे सांगून झालं. ताटातून काय काढायचं, हे सांगितलं की लोक घड्याळाकडे बघू लागतात! पण खरा फरक तिथेच पडतो.

पहिलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, फरसाणातलं, सुक्या मासळीतलं सगळं धरायचं. जवसाच्या चटणीत मूठभर मीठ घातलंत, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. दुसरा भात. भंडारा जिल्ह्यात भात कमी खा म्हणणारा डॉक्टर लोकप्रिय होत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. पण ताटात भाताचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी चमचाभर भाजी, हे प्रमाण साखर वाढवतं, आणि वाढलेली साखर रक्तवाहिनीचं ते नाजूक अस्तर पोखरते. डोंगर अर्धा करा, भाजी आणि डाळ दुप्पट करा. चिन्नोरचा सुगंध कमी भातातही तेवढाच येतो.

तिसरा खर्रा, आणि त्याची बहीण विडी. तंबाखू, सुपारी, चुना हातावर किंवा पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत चालतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, खर्र्याचा घोट काही थांबला नाही. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, नाडीची गती आणि रक्तदाब वाढवतं. पालक, जवस, लसूण मिळून वाहिनी जितकी सैल करतील त्यापेक्षा ते तिला जास्त आवळतं. दिवसाला दहा विड्या ओढणाऱ्याने लसूण खाणं म्हणजे पाट फुटलेला ठेवून तलावात घागरीने पाणी ओतण्यासारखं आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाने तंबाखू सोडणं आणि रोज चालणं, या दोन गोष्टींपुढे बाकीचा आहार दुय्यम आहे. दुखेपर्यंत चालावं, थांबावं, पुन्हा चालावं. डॉक्टरांच्या सल्ल्याने असं नेमाने केलं, तर न दुखता चालण्याचं अंतर वाढत जातं.

आता त्या गृहस्थांकडे परत येतो. मी त्यांना रक्तदाबाची, गुठळी धरू नये म्हणूनची आणि चरबीची अशा तीन गोळ्या दिल्या. विडी सोडा म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “खाऊ काय?” मी खुलून दहा मिनिटं जवस, लसूण, पालक यांवर बोललो. गोळ्यांविषयी दोन मिनिटं. ते मन लावून ऐकत होते, मलाही बोलायला बरं वाटत होतं. दोन महिन्यांनी आले तेव्हा रक्तदाब उतरलेला होता, विडीही निम्म्यावर आली होती. मी म्हटलं, “छान! असंच चालू ठेवा.” काय चालू ठेवा, हे मात्र बोललो नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. धानाच्या कापणीच्या दिवसांत एके दिवशी त्यांची मुलगी आली. सकाळी वडिलांची जीभ जड झाली, चहाचा कप उजव्या हातातून निसटला. घरच्यांना वाटलं थंडी बाधली. तेल चोळलं, शेक दिला, एका जाणत्याला दाखवलं. दुपारनंतर गाडी ठरवली. साकोलीहून नागपूर शंभरेक किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत संध्याकाळ. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही तपासणी करून. ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

मी विचारलं, “गोळ्या?” ती म्हणाली, “बाबा म्हणत, जवस खाऊन राहिलो, लसूण खाऊन राहिलो, दाब बी उतरला. मंग गोळी कायले?”

त्यांचा तर्क चुकीचा होता, पण त्यातला एक भाग माझ्याकडून गेलेला होता. दाब उतरला होता तो मुख्यतः गोळीने. श्रेय मात्र जवसाला मिळालं, आणि ते मीच मिळू दिलं. तेव्हापासून मी दवाखान्यात आहाराबद्दल बोलण्याआधी एक वाक्य बोलतो आणि समोरच्याकडून ते म्हणवूनही घेतो. तुम्हीही लक्षात ठेवा. खाणं गोळीच्या सोबत, गोळीच्या जागी नाही. दाब उतरला म्हणजे गोळी काम करते आहे, गोळीचं काम संपलेलं नाही. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनी, मोजून, टप्प्याटप्प्याने करायची.

आणि चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हातातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक दिसलं तर तेल चोळत बसू नका. लक्षण किती वाजता दिसलं ते घड्याळात पाहा, 108 ला फोन करा आणि निघा.

रक्ताभिसरणाचं बोलताना आपल्या भागात आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती म्हणजे सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. निरोगी तांबडी पेशी लवचीक असते. ती आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही घडी घालून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, आणि अडकते. त्याच वेदना. अशा रुग्णासाठी रक्तवाहिनी साफ करणारा कोणताही पदार्थ नाही. पण पाणी भरपूर पिणं फार महत्त्वाचं आहे, कारण अंगातलं पाणी कमी झालं, की पेशी अडकण्याचं प्रमाण वाढतं. रोवणी-कापणीच्या दिवसांत उन्हात राबणाऱ्या पोरीला तहान लागेपर्यंत थांबू देऊ नका. पालेभाज्यांतलं फॉलिक आम्ल नव्या पेशी तयार व्हायला लागतं. आणि ‘रक्त कमी आहे’ म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या परस्पर आणू नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी असूनही लोह पुरेसं किंवा जास्त असू शकतं. आधी रक्ताची तपासणी करून घ्या. देशात 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे, त्यात ही तपासणी हेच पहिलं पाऊल आहे. लग्न जुळवताना पत्रिकेआधी हा अहवाल पाहिलात, तर पुढच्या पिढीवर उपकार होतील.

शेवटी दोन-तीन सावधगिरीच्या सूचना. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले किंवा तशाच कारणाने वॉरफरिनसारखी गोळी घेणारे रुग्ण असतात. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. अशांनी पालेभाजी बंद करायची नाही, पण रोज साधारण सारखीच खायची. आज अजिबात नाही आणि उद्या कढईभर, असं नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियम असलेले पदार्थ आणि बाजारात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ विचारल्याशिवाय वापरू नये. आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही होत नसलं तरी, वर्षातून निदान एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. तेच त्याचं वाईट आहे.

ते गृहस्थ आज घरी आहेत. काठी धरून अंगणात चालतात, उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. विडी सुटली. मागे मी त्यांना पाहायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने जेवण वाढलं. भाकरी, चवळाईची भाजी, वरण, थोडा भात. मग तिने फडताळातून जवसाच्या चटणीचा डबा काढला. डब्याच्या झाकणावर रबराने गोळ्यांचं पाकीट बांधलेलं होतं. म्हणाली, “आता एकाबिगर दुसरं देतच नाही जी.”

मला जे दहा मिनिटांत सांगता आलं नव्हतं, ते त्या माउलीने एका रबरात करून दाखवलं होतं. श्रोतेहो, तुमच्याही घरात चटणीचा डबा असेल, आणि कुणाची तरी गोळीही असेल. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.